१९६९ साली माणूस उतरला, मग आज यान का आदळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आजच्या साध्या फोनपेक्षाही दुबळ्या संगणकाच्या जोरावर १९६९ मध्ये माणसं चंद्रावर उतरली आणि सुखरूप परत आली. मग गेल्या काही वर्षांत माणूस नसलेली यानं एकामागून एक का आदळली किंवा आडवी झाली? आणि ज्यात माणूसच नाही, अशी मोहीम बघायला लाखो लोक श्वास रोखून का बसतात?

माझी नोकरीची बरीच वर्षं यानाच्या दिशादर्शन आणि नियंत्रण प्रणालीत गेली. यान कुठे आहे, किती वेगाने चाललंय, त्याचं तोंड कुठे आहे आणि आता कुठलं इंजिन किती पेटवायचं, हे ठरवणारा तो भाग. उत्तर अर्थातच त्या बाजूने देणार. इंजिनवाला किंवा ढाचा बांधणारा माणूस कदाचित दुसऱ्या गोष्टी पुढे ठेवेल, आणि त्याही खोट्या नसतील.

आधी तुलना थोडी दुरुस्त करू. अपोलोची यशं आपल्या लक्षात राहतात, पण त्याआधीची पडझड कुणाला आठवत नाही. अमेरिकेच्या रेंजर मालिकेतली पहिली सहा यानं अपयशी ठरली. जुलै १९६४ मध्ये सातवं यशस्वी झालं, आणि त्याचं काम तरी काय होतं? फोटो पाठवत पाठवत चंद्रावर आदळायचं! सोव्हिएत संघाचं लुना ९ हे ३ फेब्रुवारी १९६६ रोजी अलगद उतरलेलं पहिलं यान, पण त्याआधी त्याच प्रयत्नात त्यांची बरीच यानं गेली होती. नंतरच्या सात सर्व्हेयर यानांपैकी पाच नीट उतरली, दोन गेली. म्हणजे त्या काळातही रोबोटला उतरवणं सोपं नव्हतंच.

आणि अपोलो ११ मध्ये संगणक एकटा नव्हता. तो यानाला घेऊन चालला होता ते एका मोठ्या विवराजवळच्या दगडधोंड्यांकडे. आर्मस्ट्राँगने खिडकीतून ते पाहिलं, नियंत्रण हातात घेतलं आणि यान आडवं पुढे नेऊन मोकळ्या जागी उतरवलं. हे दोन मिनिटांचं काम रोबोटकडून करून घ्यायचं म्हटलं की कॅमेरा, लेझर, नकाशे आणि हजारो ओळींचं सॉफ्टवेअर लागतं.

आणखी एक गोष्ट. ऑगस्ट १९७६ मध्ये लुना २४ उतरलं, त्यानंतर थेट डिसेंबर २०१३ मध्ये चीनचं चांग'ई ३. मधली ३७ वर्षं चंद्रावर कुणीही अलगद उतरलं नाही. आमच्या क्षेत्रात एवढा खंड फार महागात पडतो. अहवाल, आराखडे सगळं कपाटात राहतं. पण एखादी मर्यादा अमुकच का ठेवली, कुठला पर्याय का टाकून दिला, हे ज्यांना ठाऊक होतं ती माणसं निवृत्त झालेली असतात.

तेव्हा संगणकाच्या ताकदीचा मुद्दा बाजूला ठेवा. माझ्या मते खरा प्रश्न हा आहे: माणूस नसताना यानाला स्वतःची उंची आणि वेग कळतो कसा, आणि दोन सेन्सर दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागले तर ते कुणावर विश्वास ठेवतं?

चंद्राभोवती खालच्या कक्षेत फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला साधारण १.७ किमी असतो. चंद्रावर वापरता येईल अशी हवा नाही, त्यामुळे पॅराशूट बाद. वेग मारायचा तो फक्त इंजिन उलट्या दिशेने पेटवून. चंद्र सरासरी ३,८४,४०० किमी लांब आहे. तिथून बातमी इथे यायला आणि इथला हुकूम तिथे पोचायला मिळून अडीच सेकंदांच्या वर वेळ जातो. चालत्या रोव्हरला तेवढं चालतं. चांद्रयान ३ च्या प्रज्ञान रोव्हरचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर होता, तिथे अडीच सेकंदांनी काय बिघडणार? उतरत्या यानाला मात्र ते परवडत नाही. म्हणून उतरणं सुरू झालं की जमिनीवरचे सगळे फक्त प्रेक्षक. चांद्रयान ३ चं उदाहरण घ्या: सुमारे ३० किमी उंचीवर इंजिनं पेटली, पहिल्या टप्प्यात वेग सेकंदाला १,६८० मीटरवरून ३५८ मीटरपर्यंत आणला आणि उंची ७.४ किमीवर. मग यान हळूहळू उभं झालं, ८०० मीटरच्या आसपास आडवा वेग जवळजवळ संपला, १५० मीटरवर थोडं थांबून खालची जागा तपासली आणि उतरलं. सगळं मिळून सुमारे १९ मिनिटं. इंधन मोजकंच असतं, त्यामुळे परत वर जाऊन फेरी मारून दुसऱ्यांदा प्रयत्न, असला प्रकार नाही.

या १९ मिनिटांत यानाला स्वतःची जागा दोन प्रकारे कळते. एक आतून: ॲक्सिलरोमीटर आणि जायरो सतत सांगतात की आता इतका धक्का बसला, इतकं वळलो. त्यांची बेरीज करत गेलं की जागा आणि वेग मिळतो. पण बेरजेबरोबर चूकही साचत जाते; सुरुवातीचा किंचितसा फरक दहा मिनिटांत शेकडो मीटरचा होतो. दुसरं बाहेरून: रडार किंवा लेझरने जमिनीपासूनचं अंतर, डॉपलरने (परत आलेल्या लहरींत पडलेल्या फरकावरून) वेग, कॅमेऱ्याने खालची विवरं ओळखून ठिकाण. या दोन्हींचा मेळ घालून यान स्वतःबद्दल एक अंदाज बांधतं आणि इंजिन त्या अंदाजाप्रमाणे चालतं. इंजिनाला खरी उंची माहीत नसते, हा अंदाजच माहीत असतो. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकला की जे होतं, ते यानाचंही होतं.

याचं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे एप्रिल २०२३ मधलं आयस्पेस या जपानी कंपनीचं हाकुतो-आर. यान ॲटलस विवराकडे चाललं होतं. विवराचा काठ ओलांडला आणि खालची जमीन एकदम सुमारे ३ किमीने खाली गेली. अल्टिमीटरने, म्हणजे उंची मोजणाऱ्या सेन्सरने, अगदी बरोबर सांगितलं की उंची अचानक वाढली. पण यानाचा स्वतःचा अंदाज आणि हे मोजमाप यांत इतका फरक पडला की सॉफ्टवेअरने निष्कर्ष काढला, सेन्सर बिघडला. मग त्याचं ऐकणंच बंद केलं. पुढे यान शहाण्यासारखं, शिस्तीत, वेग कमी करत उतरत राहिलं. आपण जमिनीशी आलो असं त्याला वाटलं तेव्हा ते जवळपास ५ किमी वर होतं. तिथेच तरंगत राहिलं, इंधन संपलं आणि पडलं. चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाने ५ किमी पडायला सव्वा मिनिटाच्या थोडा वर वेळ लागतो आणि आदळताना वेग सेकंदाला सव्वाशे मीटरच्या पुढे जातो. तुम्ही कागदावर करून बघा.

यात मोडलं काय? काहीच नाही. इंजिन चांगलं, सेन्सर चांगला, संगणक चांगला. उतरण्याची जागा आराखड्याच्या मुख्य तपासणीनंतर बदलली होती आणि नव्या वाटेवरचा तो काठ सिम्युलेशनमध्ये पुरेसा तपासला गेला नव्हता. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, असा नियम ठेवलाच कशाला, सेन्सर सांगतो ते मुकाट ऐकावं की! पण रडार खरंच कधीकधी भलतेच आकडे देतं. एका तिरप्या उतारावरून परावर्तन आलं, स्वतःच्याच पायावरून आलं, तर त्यावर विश्वास ठेवून इंजिन बंद करणारं यानही पडेल. म्हणून एक मर्यादा ठेवावीच लागते: अंदाजापासून इतका लांबचा आकडा आला तर घेऊ नये. ही मर्यादा किती रुंद ठेवायची, यावरून आमच्या खोलीत जेवढे वाद झालेत तेवढे दुसऱ्या कशावरून झाले नसतील. अरुंद ठेवली तर खरं बोलणारा सेन्सर बाहेर फेकला जातो, रुंद ठेवली तर खोटा आत येतो. याला एकच एक बरोबर उत्तर नाही. खालची जमीन कशी आहे, सेन्सर किती आहेत, बेरजेतली चूक तोवर किती साचली असेल, यावर ते ठरतं. मी नेहमी एक अट मात्र घालायला लावायचो: फेकलेला आकडा पुन्हा पुन्हा तसाच येत असेल, तर यानाने स्वतःच्या अंदाजावर शंका घ्यायला हवी. एकदा नाकारलं म्हणून कायमचं दार बंद, हे नको.

सिम्युलेशनमध्ये आम्ही मुद्दाम खोड्या काढतो. एखादा सेन्सर मधेच बंद करायचा, एखाद्याला जुनाच आकडा परत परत पाठवायला लावायचं, थ्रस्टर (दिशा सांभाळणारं छोटं इंजिन) अडकवायचा, नकाशातला डोंगर दोनशे मीटर सरकवायचा. नवीन आलेल्या मुलांना वाटतं, सेन्सर बंद पडणं सर्वांत वाईट. तसं नसतं. बंद पडलेला लगेच ओळखू येतो आणि त्याच्या जोडीचा काम उचलतो. छळतो तो सेन्सर, जो चालू आहे, आकडे देतोय, आणि ते आकडे पाव सेकंद शिळे आहेत.

बाकीच्या अपघातांना एवढा वेळ देत नाही. इस्रायलच्या बेरेशीटमध्ये, एप्रिल २०१९ मध्ये, वेग-वळण मोजणारं एक उपकरण रुसलं. ते सुरळीत करायला गेल्यावर इंजिन बंद पडलं आणि परत पेटलं तेव्हा उशीर झाला होता. रशियाचं लुना २५ तर उतरायच्या आधीच गेलं: ऑगस्ट २०२३ मध्ये कक्षा खाली आणताना इंजिन ८४ सेकंदांऐवजी १२७ सेकंद चाललं, कारण ज्या ॲक्सिलरोमीटरने ‘पुरे’ म्हणायचं तेच चालू झालेलं नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये उतरलेल्या ओडिसियस या खाजगी अमेरिकी यानाच्या लेझर अंतरमापकावरची सुरक्षा-कळ प्रक्षेपणापूर्वी काढायची राहिली. प्रत्येक ठिकाणी इंजिनाची ताकद पुरेशी होती. यानाला स्वतःची खबर नव्हती.

चांद्रयान २ जरा वेगळं. तिथे इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर दिला आणि फरक साचत गेला. मधल्या टप्प्यात कॅमेऱ्यासाठी यान स्थिर धरायचं ठरलं होतं, त्यामुळे साचलेली चूक लगेच दुरुस्त करता आली नाही. नंतर एकदम मोठं वळण घ्यायची वेळ आली, तर वळण्याच्या वेगावर मर्यादा होती. त्यात उतरायची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर एवढीच, म्हणून तिथे पोचण्याची धडपडही सुरू. चांद्रयान ३ साठी काय केलं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. काय चुकू शकतं याची यादी आधी मांडली आणि ते चुकलं तरी यान उतरलं पाहिजे, या हिशेबाने आराखडा केला. जागा ४ किमी बाय २.४ किमी केली. लेझर डॉपलर वेगमापक बसवला, इंधन वाढवलं, पाय मजबूत केले, मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं. सेन्सर हेलिकॉप्टरला टांगून उडवले, इंजिनासह नियंत्रणाची चाचणी क्रेनला टांगून केली. तरीही सगळं एकत्र, चंद्राच्या गुरुत्वाकर्षणात, पृथ्वीवर तपासता येतच नाही. विमानाचा नवा नमुना शेकडो उड्डाणं करून मग प्रवासी घेतो. लँडरचं पहिलं पूर्ण उड्डाण हेच परीक्षेचं असतं.

आता कुठे काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण ‘चंद्रावर उतरणं’ हे एकच एक काम नाही. सपाट लाव्हाच्या मैदानावर, ऊन वर असताना उतरायचं, की दक्षिण ध्रुवाजवळ? ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजाला चिकटून असतो. छोट्या दगडाचीही लांबलचक सावली पडते, कॅमेऱ्याला खड्डा आणि सावली यांत फरक करणं जड जातं. मार्च २०२५ मध्ये चार दिवसांच्या अंतराने दोन खाजगी यानं उतरली. ब्लू घोस्ट बुटकं आणि पसरट, मेअर क्रिसियमच्या मैदानात; सरळ उभं राहिलं. अथेना उंच आणि निमुळतं, दक्षिण ध्रुवाजवळ मॉन्स माउटनवर, आडवं झालं. यावरून उंच यान वाईटच असं म्हणायला मी तयार नाही. पण अवघड जागा आणि अरुंद बूड एकत्र आलं, तर शेवटच्या दोन मीटरांत जरासा आडवा वेगही माफ होत नाही. जाता जाता: चांद्रयान ३ ‘दक्षिण ध्रुवावर’ उतरलं असं सर्रास लिहितात. ते ६९ अंश दक्षिणेला आहे, ध्रुवापासून सहाशे किमीहून लांब. कामगिरी त्याने लहान होत नाही, पण ध्रुवाच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्या अजून पुढे आहेत.

मग एवढं करून माणूस न पाठवता मिळतं काय? इथे दोन्ही बाजूंचे लोक थोडं ताणून बोलतात. लुनोखोद २ या सोव्हिएत रोव्हरने १९७३ मध्ये काही महिन्यांत सुमारे ३९ किमी प्रवास केला. त्याच्या आदल्याच महिन्यात अपोलो १७ च्या दोघांनी तीन दिवसांत गाडीवरून जवळपास ३६ किमी केला होता. अपोलोने ३८२ किलो दगडमाती आणली, सोव्हिएत रोबोटांनी तीन खेपांत मिळून अर्धा किलोही नाही. माणूस कामाला फार भारी आहे, यात वाद नाही. पण रोबोट जिथे जातो तिथे माणसाला आज पाठवता येत नाही. चांग'ई ६ ने २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची जवळपास दोन किलो माती आणली, ती बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही. त्याआधी चांग'ई ५ ने पृथ्वीकडच्या बाजूवरून आणलेल्या दगडांवरून कळलं की चंद्रावर सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वीपर्यंत लाव्हा वाहत होता, म्हणजे अपोलोच्या दगडांवरून वाटलं होतं त्याच्या खूप नंतरपर्यंत.

मला स्वतःला आवडणारं उदाहरण त्याहून छोटं आहे. विक्रमवर ‘चेस्ट’ नावाचा तापमापक होता, मातीत सुमारे दहा सेंटिमीटर खुपसायचा. तो जिथे गेला ती जागा सूर्याकडे सहा अंशांनी कललेली होती, तिथे पृष्ठभाग ८२ अंश सेल्सिअसपर्यंत तापला. जेमतेम एक मीटरवर, सपाट जागी, सुमारे ६० अंश. एका पावलाच्या अंतरात वीसपेक्षा जास्त अंशांचा फरक! कक्षेतून बघणाऱ्या उपकरणाला हे दिसत नाही, त्याला मोठ्या तुकड्याची सरासरी दिसते. मातीखाली बर्फ कुठे टिकेल याचा विचार करणाऱ्याला हा फरक फार मोलाचा आहे.

शेवटचा भाग, ओढीचा. मी मानसशास्त्रज्ञ नाही, तेव्हा हे एका कामगाराचं मत समजा. लोक म्हणतात, माणूस नसेल तर रोमांच नाही. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी पडद्यावर काय होतं? काही आकडे, एक वक्र रेषा आणि खोलीत बसलेली माणसं. तरीही एकट्या यूट्यूबवर एका वेळी ८० लाखांहून अधिक जण ते बघत होते. मला वाटतं, कारण आपल्यालाही त्या क्षणी तेवढंच माहीत असतं जेवढं केंद्रात बसलेल्या अनुभवी शास्त्रज्ञाला. दोघेही हात बांधून. शिवाय चंद्र हा आकाशातला एकमेव गोल, ज्यावरचे डाग नुसत्या डोळ्यांना दिसतात. मंगळ कितीही रंजक असला तरी डोळ्यांना तो ठिपकाच. आणि यंत्रावर माया जडायला त्याचा चेहरा माणसासारखा लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये जपानचं स्लिम ठरल्या जागेपासून साधारण ५५ मीटरवर उतरलं, पण उतरताना एका इंजिनाचा नॉझल (झोत बाहेर सोडणारं तोंड) निखळला आणि यान डोक्यावर पडलं. त्याचा तसा फोटो त्यानेच सोडलेल्या छोट्या रोबोटने काढून पाठवला. डोक्यावर पडलेलं ते यान पुढे चंद्राच्या एकाहून अधिक रात्री काढून पुन्हा बोललं, तेव्हा ओळखीपाळखीच्या लोकांनीही मला फोन करून आनंद सांगितला. त्यांच्यातल्या कुणाला नॉझल म्हणजे काय हे माहीत नव्हतं.

या ओढीचा आम्हाला त्रासही होतो, हेही सांगायला हवं. ‘पहिले’ व्हायचं, तारीख गाठायची, बातमी होईल अशीच जागा निवडायची, हे दडपण बैठकीत येऊन बसतं. तिथे सपाट, कंटाळवाण्या मैदानाची बाजू घेणारा माणूस लागतो. पहिल्या मोहिमेला मी नेहमी त्याच बाजूला असेन.

तुम्ही पुढचं उतरणं थेट बघणार असाल, तर एवढं करा. नुसती उंची बघू नका. आडवा वेग आणि खाली येण्याचा वेग वेगवेगळे दाखवतात, ते बघा. उंची एक किमीच्या आत आली की आडवा वेग जवळजवळ संपलेला हवा. तो राहिला असेल तर पाय टेकल्यावरही यान कलंडू शकतं. यान एका उंचीवर नियोजनापेक्षा जास्त वेळ तरंगत असेल, तर इंधनाचा विचार करा. आकडे गोठले तर लगेच वाईट समजू नका, अँटेना वळली असेल. आणि ‘उतरलं’ म्हणून टाळ्या वाजल्या तरी तासभर थांबा. ओडिसियस सरळ उभं आहे असंच आधी जाहीर झालं होतं, दुसऱ्या दिवशी कळलं की ते एका कुशीवर पडलंय. यान किती कललंय आणि सौर पॅनेलमधून वीज येतेय का, हे दोन आकडे आल्यावर मग शेजाऱ्यांना पेढे वाटा.